जादू येते, मग रॉनच्या घरी पैशांची चणचण कशी?

तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाने विचारलंय की कांडी फिरवली की सगळं होतं, तर हॅरी पॉटरच्या पुस्तकांतला हॅरीचा मित्र रॉन, त्याच्या अंगावर भावांचे जुने कपडे का. तुम्हाला उत्तर सुचलं नाही, आणि तुमच्या धाकट्या भावाने मध्येच तोंड घातलं की या जादूला शेंडाही नाही आणि बुडखाही नाही.

हा वाद माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. पुण्यात कर्वेनगरला आमच्या सोसायटीत मी रविवारी सकाळी मुलांचा वाचनकट्टा चालवते. पोहे, चहा आणि भांडणं. गेल्या पावसाळ्यात तीन रविवार याच प्रश्नावर गेले. एका बाजूला दहावीतला एक मुलगा, ज्याला प्रत्येक गोष्टीचं सूत्र लागतं. दुसऱ्या बाजूला सहावीतली एक मुलगी, जिने सातही पुस्तकं कितीदा वाचलीत ते तिच्या आईलाही माहीत नाही.

आधी तुमच्या मुलासाठी. त्या पुस्तकांतली जादू कष्ट वाचवते, माल देत नाही. रॉनच्या आईने मोरीकडे कांडी रोखली की भांडी आपोआप घासली जातात. पण स्वेटरची लोकर विकत आणावीच लागते. शाळेची पुस्तकं आणि कांडीसुद्धा दुकानातूनच येतात. हॅरीची कांडी सात गॅलियनला, म्हणजे त्यांच्या सोन्याच्या सात नाण्यांना पडली होती. रॉन पहिली दोन वर्षं एका थोरल्या भावाची जुनी वापरतो, ती मोडल्यावर चिकटपट्टी लावून चालवतो, आणि घरच्यांना वर्तमानपत्राच्या सोडतीत सातशे गॅलियन लागतात तेव्हा कुठे त्याला स्वतःची नवी मिळते.

आता दुसऱ्या पुस्तकातला बाजारहाट आठवा. बापाची सरकारी नोकरी, तीही जादूगारांच्या मंत्रालयातल्या दोन माणसांच्या कोपऱ्यातल्या कचेरीत. सात मुलं. थोरली दोघं कमावती, पण पाच जण एकाच वेळी शाळेत. आणि त्या वर्षी नवीन आलेले मास्तर लॉकहार्ट स्वतःचीच सात पुस्तकं यादीत लावतात! पाच साते पस्तीस. जून महिन्यात अप्पा बळवंत चौकात यादी हातात धरून उभ्या राहिलेल्या कुठल्याही पालकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आमच्या कट्ट्यावरच्या एका आईने तर तिथेच वाचन थांबवून मागच्या वर्षीच्या वह्या-पुस्तकांचा हिशोब सांगायला सुरुवात केली.

त्याच प्रकरणात बँकेचा प्रसंग आहे. रॉनच्या आईची तिजोरी उघडते. आत चांदीच्या नाण्यांचा छोटासा ढीग आणि सोन्याचं एकच नाणं. ती कोपरे चाचपून बघते आणि मग सगळंच पिशवीत भरते. पुढे हॅरीची तिजोरी उघडते तेव्हा तो ओशाळा होऊन आपली नाणी घाईघाईने पिशवीत कोंबतो. गरिबी कशी असते हे मुलांना मी दहा वेळा बोलून दाखवलं असतं तरी त्या चाचपण्याइतकं पोचलं नसतं.

(एका सोन्याच्या नाण्याची सतरा चांदीची, एका चांदीच्या नाण्याची एकोणतीस ब्राँझची. म्हणजे एका गॅलियनचे 493 नट. मुलं हसली. कट्ट्यावर नातवाला सोडायला येणारे एक आजोबा मात्र हसले नाहीत. ते 1957 च्या आधी शाळेत गेलेले, सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा पाठ असलेले. सतरा हा आकडा तेवढा त्यांना वाईट वाटला.)

जेवणाचं काय? हॅरी-रॉनची मैत्रीण हर्मायनी सातव्या पुस्तकात स्पष्टच सांगते की अन्न शून्यातून निर्माण करता येत नाही. असलेलं वाढवता येतं, बदलता येतं, कुठे आहे ते माहीत असेल तर बोलावता येतं, एवढंच. त्यांच्या शाळेत, हॉगवर्ट्समध्ये, टेबलांवर ताटं भरतात ती खालच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या एल्फ नावाच्या बुटक्या नोकरांमुळे. दहावीतला मुलगा लगेच म्हणाला, "वाढवता येतं ना? मग एक पोळी असली की झालं." सहावीतली म्हणाली, "ती एक तरी कुणीतरी लाटायला नको का?" आमच्या हातातल्या पोह्यांकडे बघत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. पण तो मुलगाही कच्चा नाही. पुढच्या रविवारी तो चौथ्या पुस्तकात खूण घालून आला. तिथे रॉनची आई स्वयंपाक करताना कांडीच्या टोकातून चक्क सॉस गळतो. नियम सांगितला सातव्यात, मोडला चौथ्यात.

परिसाचा मुद्दाही निघेलच, कारण पहिल्या पुस्तकाच्या मराठी नावातच तो आहे. लोखंडाचं सोनं करणारा दगड असताना दारिद्र्य कसलं? पण तो दगड एकच, एका म्हाताऱ्या जोडप्याजवळ, आणि पुस्तक संपता संपता नष्ट केलेला. मला त्या नावाची एक गंमत वाटते. आपला परीस फक्त सोनं करतो. त्यांचा दगड अमृतासारखं पेयही देतो, आणि गोष्टीतल्या खलनायकाला हवं असतं ते पेयच. मराठी वाचणारं मूल सुरुवातीला चुकीच्या गोष्टीच्या मागे लागतं. ते बरंच आहे, हॅरीलाही आधी काही कळत नसतं.

आता तुमच्या भावासाठी. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. काळ मागे फिरवणारं ते साखळीतलं यंत्र तिसऱ्या पुस्तकात तेरा वर्षांच्या हर्मायनीला जादा तासांना बसता यावं म्हणून देतात, आणि लोक मरत असतात तेव्हा कुणाला ते आठवत नाही. पाचव्या पुस्तकात मंत्रालयातली सगळी यंत्रं एका झटापटीत फुटतात. ही सरळ पळवाट आहे, माझ्या आवडत्या पुस्तकात असली तरी.

पण शेंडाबुडखा नाही म्हणणाऱ्याला मी राक्षसाच्या पोपटाची गोष्ट विचारते. आपल्या आजीच्या गोष्टीत राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे, पिंजऱ्यातल्या पोपटात असायचा. राजपुत्र पोपटाचा पाय मोडी, इकडे राक्षस लंगडा होई. पोपटात जीव ठेवायला राक्षसाला काय द्यावं लागलं, हे मी आजीला कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. गोष्टीतला खलनायक व्होल्डेमॉर्ट आपला जीव ज्यांत लपवतो ते हॉर्क्रक्स म्हणजे तेच पोपट, फक्त एका पोपटाऐवजी डायरी, अंगठी, लॉकेट, पेला वगैरे. फरक इतकाच की इथे दर ठरलेला आहे. आत्म्याचा तुकडा बाहेर काढायचा तर खून करावा लागतो आणि उरलेला आत्मा फाटका राहतो. लोकर फुकट मिळत नाही तसा हा जीवही फुकट सुरक्षित होत नाही. सॉस कुठून आला हे लेखिका विसरली असेल, पण हा हिशोब ती पहिल्या पुस्तकापासून शेवटपर्यंत विसरलेली नाही. मेलेल्याला कुठलाच मंत्र परत आणत नाही, हेही तिने कुठे मोडलेलं मला सापडलं नाही.

तेव्हा मुलाला सांगा की रॉनच्या घरी भांडी आपोआप घासली जातात, पण वाण्याचं बिल आपोआप भरलं जात नाही. तो गप्प बसेल असं मात्र समजू नका. आमच्या दहावीवाल्याने तिसऱ्या रविवारी शेवटचा पत्ता टाकलाच. तिसऱ्या पुस्तकात शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर एका फटक्यात शेकडो जांभळ्या स्लीपिंग बॅगा हवेतून काढतो. "त्या खायच्या नाहीत, म्हणजे तुमचा अन्नाचा नियम लागू नाही. मग रॉनची आई रोज दहा-बारा काढून रविवारी जुन्या बाजारात नेऊन का विकत नाही?"

सहावीतली मुलगी पुस्तक घरी घेऊन गेलीय. तिला काही सापडलं तर इथेच लिहीन.