फ्रान्समध्ये तपास न्यायाधीश प्रत्येक शहरात असतो का? केस कुठल्या शहरात जाईल हे कोण ठरवतं?

नाही, तपास न्यायाधीश, म्हणजे गुन्ह्याचा तपास स्वतः चालवणारा न्यायाधीश, प्रत्येक शहरात नसतो. जिथे असतो तिथेही गावातल्या सगळ्या केसेस त्याच्याकडे जात नाहीत. गुन्हा कुठे घडला, संशयित कुठे राहतो, कुठे पकडला गेला, यावरून हद्द ठरते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण खरी मेख पुढे आहे. सरकारी वकील सुरुवातीला कुठलं कलम लावतो, त्यावर तुमची फाइल गावात राहणार की दूर जाणार हे ठरतं. आमच्या घराने हे भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ फ्रान्सच्या दक्षिणेत एका लहान शहरात, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या किराणा दुकानात कामाला होता. दोघेजण सुरा घेऊन आत शिरले, गल्ला नेला आणि जाताना त्याच्या हातावर वार केला. दोघेही लवकरच सापडले. आमच्या शहरात न्यायालय आहे, तिथे एक तपास न्यायाधीशही बसतो. आम्हाला वाटलं, चालत जाऊन जबाब देऊ. पण शस्त्राच्या धाकाने केलेली चोरी तिथल्या कायद्यात 20 वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातला. अशा गुन्ह्याचा तपास फक्त ‘पोल’मध्ये होतो. पोल म्हणजे ज्या मोठ्या न्यायालयात अनेक तपास न्यायाधीश एकत्र ठेवले आहेत ते. देशभरात दीडशेहून जास्त न्यायालयं, पण पोल त्यातल्या काहींतच. आमचं शहर त्यांत नाही. फाइल दुसऱ्या शहरात गेली.

मग सुरू झाली वणवण. पहाटेची रेल्वे, पुढे बस, दिवसाचा पगार बुडालेला. मराठी दुभाषी मिळेना, हिंदीवाल्या बाईंवर भागवलं. आरोपींना आणि भावाला समोरासमोर बसवायची तारीख ऐनवेळी पुढे ढकलली गेली, ते आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. भाऊ जिन्यातच बसला आणि म्हणाला, “ताई, मला काही नको, घरी चल.”

आमच्या वकीलबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की कलम सौम्य केलं, शस्त्राचा उल्लेख गाळून ‘हिंसेसह चोरी’ म्हटलं, तर केस गावातच राहू शकते. फ्रान्समध्ये हे सर्रास चालतं. काम लवकर संपतं, पण शिक्षेची कमाल मर्यादाही खाली येते. भावाला ते हवं होतं. मी विरोध केला आणि आजही करीन. ज्या सुऱ्याने भावाच्या हातावर टाके पडले, तो कागदावरून का पुसायचा?

यावरून साताऱ्याच्या मोठ्या मामांशी माझा वाद जुंपला, तो अजून मिटलेला नाही. मामांनी जन्मभर फौजदारी वकिली केली. हायकोर्टाच्या कामासाठी पक्षकारांना मुंबईला नेण्यात त्यांची हयात गेली. कोल्हापूरला खंडपीठ व्हावं म्हणून ते आंदोलनात बसले होते आणि ऑगस्ट 2025मध्ये तिथे सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा त्यांनी पेढे वाटले. ते म्हणतात, “अगं, मार खाल्लेल्यालाच गाडीभाडं भरायला लावणारा हा कसला न्याय?” कोल्हापूरबद्दल मामांचं शंभर टक्के बरोबर आहे. पण अपिलाची सुनावणी वेगळी आणि तपास वेगळा.

फ्रान्सने हे पोल हौसेने काढले नाहीत. उत्तरेकडच्या ऊत्रोमध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचारांचं एक प्रकरण झालं. त्याचा तपास बुलोन्य-स्युर-मेरच्या न्यायालयात एका तरुण न्यायाधीशाने जवळजवळ एकट्याने केला. पुढे 2004 आणि 2005च्या निकालांत मिळून 13 जण निर्दोष ठरले. त्यांतल्या बहुतेकांनी लांबच लांब काळ तुरुंगात काढला होता आणि आणखी एक संशयित खटल्याआधीच तुरुंगात मेला. देश हादरला. 2007च्या कायद्याने पोल आणले, ते 2008मध्ये सुरू झाले. हेतू हा की तरुण न्यायाधीशाच्या शेजारी अनुभवी न्यायाधीश असावा, अवघड फाइल दोघांनी मिळून पाहावी. पुढे तर तीन न्यायाधीशांनी मिळून तपास करायचा, असं त्याच कायद्यात होतं. ते वर्षानुवर्षं लांबवलं आणि 2016मध्ये रद्दच करून टाकलं.

माझा राग इथे आहे. लोकांनी प्रवास सोसायचा तो एकापेक्षा जास्त डोळ्यांनी फाइल बघावी म्हणून. प्रवास आमच्या गळ्यात पडला, दुसरे डोळे मात्र मागावे लागतात. तर ते मागा! पक्षकार लेखी अर्ज करून दुसरा तपास न्यायाधीश मागू शकतो. वकिलाला पहिल्याच भेटीत हे विचारा. आमच्या केसमध्ये अर्ज केला, दुसऱ्या न्यायाधीशबाई आल्या आणि आरोपींच्या फोनचं जे विश्लेषण तोवर कुणी मागवलं नव्हतं, ते त्यांनी मागवलं. मामा, हे मोठ्या ठिकाणीच शक्य झालं. आपल्या गावातल्या एकुलत्या न्यायाधीशाच्या शेजारी कोण बसणार होतं?

पोलच्या वरही थर आहेत. संघटित गुन्हेगारी आणि मोठे आर्थिक घोटाळे यांसाठी 2004च्या कायद्याने आठ आंतरप्रादेशिक केंद्रं झाली: पॅरिस, लिल, नॅन्सी, ल्यों, मार्सेय, बोर्दो, रेन आणि कॅरिबियनमधलं फोर-द-फ्रान्स. कॉर्सिकातल्या टोळ्यांच्या मोठ्या फाइली समुद्र ओलांडून मार्सेयला जातात. दहशतवादाच्या केसेस 1986पासून पॅरिसमध्ये एकवटल्या आहेत.

आणि हो, ऊत्रोचा सगळा दोष त्या एकट्या न्यायाधीशावर टाकू नका. लोकांना कोठडीत ठेवायचा निर्णय वेगळा न्यायाधीश देत होता आणि दुए शहरातलं अपील न्यायालय त्यावर शिक्कामोर्तब करत होतं. शेजारी माणूस बसवला म्हणजे तो विरोध करेलच, याची खात्री नाही, हे मामांचं म्हणणं मला मान्य आहे.

शिवाय पाकीटमारी, किरकोळ मारामारी असल्या बहुसंख्य तक्रारी तपास न्यायाधीशाकडे जातच नाहीत. पोलीस आणि सरकारी वकीलच त्या निकालात काढतात. तुमचं प्रकरण तसं असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची पोच घ्यायला विसरू नका.