मेमरी जोडताना: एका पत्त्याला एकच चिप

गोव्यातल्या कॉलेजांत प्रोजेक्टचे दिवस आले की माझ्याकडे बहुतेक एकाच दुखण्याची सर्किटं येतात. चिप्स ठीक असतात, पण कुठली चिप केव्हा बोलणार हे ठरवलेलंच नसतं.

६२२५६ या रॅम चिपला ॲड्रेस लाइन (पत्ता नेणाऱ्या तारा) किती? (फोंडा)

१५. प्रत्येक लाइन शून्य किंवा एक, म्हणजे २ चा १५ वा घात: ३२,७६८ बाइट.

लॅबमध्ये जुन्या २११४ रॅम चिप्स पडून आहेत. त्यांतून १६ केबी रॅम होईल का? (मडगाव)

होईल, पण ३२ चिप्स लागतील. २११४ मध्ये १०२४ जागा, प्रत्येकी चारच बिटांची. म्हणून आठ बिटांच्या एका बाइटसाठी दोन शेजारी-शेजारी, आणि अशा १६ जोड्या. हे गणित वहीत करा. बोर्डावर एक ६२२५६ लावा, तिची ए१४ पिन (सर्वांत वरची ॲड्रेस लाइन) ग्राउंड करा आणि अर्धीच वापरा.

८०८५ प्रोसेसरबरोबर २७६४ ईप्रॉम (प्रोग्रॅम ठेवलेली, फक्त वाचायची चिप) आणि ६२६४ रॅम आहे. सीनियर म्हणाला, डिकोडर (पत्त्यावरून चिप निवडणारी चिप) नको. ईप्रॉमची सीई ए१४ ला आणि रॅमची सीएस२ ए१३ ला जोड (या दोन्ही चिप जागी करणाऱ्या पिना). स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची रॅममधली जागा) ३एफएफएफ (हेक्स) पासून खाली आहे. सबरूटीनमधून परतताना प्रोग्रॅम लटकतो. रॅम दोनदा बदलली. (डिचोली)

रॅम बदलणं आधी थांबवा. ईप्रॉम ए१४ शून्य असताना जागी होते, रॅम ए१३ एक असताना. २००० ते ३एफएफएफ या पट्ट्यात दोन्ही अटी एकदम पुऱ्या होतात आणि तुमचा स्टॅक नेमका तिथेच आहे. लिहिताना काही कळत नाही, कारण तेव्हा ईप्रॉम डेटा बसवर (सगळ्या चिप्सच्या सामायिक तारांवर) येत नाही. वाचताना मात्र दोन्ही चिप्स एकाच बसवर बोलतात. एक शून्य ओढते, दुसरी एक. परतीचा पत्ता बिघडतो, चिप्स तापतात. असंच चालू ठेवलंत तर त्या जातीलही.

७४एलएस१३८ हा डिकोडर घाला. ए१३, ए१४, ए१५ त्याच्या ए, बी, सी इनपुटना द्या. त्याचं वाय० आउटपुट ईप्रॉमच्या सीईला, वाय१ रॅमच्या सीएस१ ला. सीएस२ पाच व्होल्टला बांधा. ८०८५ ची आयओ/एम लाइन (पोर्ट की मेमरी ते सांगणारी) १३८ च्या जी२ए ला जोडा, जी२बी ग्राउंड, जी१ पाच व्होल्टला; या तिन्ही १३८ ला चालू करणाऱ्या पिना. ही लाइन सोडली तर पोर्ट वाचतानाही मेमरी मधेच उत्तर देते. ऐकीव सल्ल्यावर एक चिप वाचवून महिना घालवू नका. मेमरी मॅप कागदावर काढा, प्रत्येक पत्त्याला कोण उत्तर देतं ते लिहा, आणि पॉवर देण्याआधी गाइडना दाखवा.

पावसात ब्रेडबोर्डवरची मेमरी मधूनच चुकते. (वास्को)

दमट, खाऱ्या हवेत आतल्या क्लिपा गंजतात. आधी प्रत्येक चिपच्या सप्लाय पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. तरी चुकली तर सोल्डर केलेल्या बोर्डावर जा.

ऑनलाइन निम्म्या भावाच्या रॅम घेतल्या. विक्रेता म्हणतो, टेस्टेड आहेत. सबमिशन सोमवारी आहे. (म्हापसा)

‘टेस्टेड’ म्हणजे काय तपासलं, ते विक्रेत्याला विचारा. जुन्या चिप्स घासून वर नवा नंबर छापणारे आहेत. एकेका जागी ५५ लिहून लगेच वाचलंत तर ॲड्रेस लाइनचा दोष दिसणार नाही. आधी सगळ्या जागा भरा: एका फेरीत पत्त्याचा खालचा बाइट, दुसरीत वरचा. प्रत्येक फेरीत शेवटची जागा भरल्यावरच पहिलीपासून वाचा. हे आजच करा. चुका निघाल्या तर सोमवारची वाट न बघता लॅबमधल्या सरांना गाठा.