ड्रिल हातात घेण्याआधी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आरोग्य केंद्रात दंतवैद्य म्हणून रुजू होताना तुम्ही विचारले आहे की, चार वर्षांचे मूल तोंडच उघडत नसेल तर सुरुवात कोठून करावी. ड्रिलने करू नका. दुधाच्या दातातील किडीवर ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड (चांदी आणि फ्लोराइड असलेले द्रव औषध) लावले, तर भूल न देता आणि दात न कोरता बहुतेक वेळा कीड थांबते, आणि मला त्याहूनही मोलाचे वाटते ते हे की, मूल पुढच्या खेपेस न घाबरता खुर्चीत बसते.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या आहेत. दात कापसाने नीट कोरडा केला जात नाही. ओठांना व्हॅसलीन लावायचे राहते आणि त्वचेवर डाग पडतात. सर्वांत गंभीर चूक म्हणजे किडलेला भाग काळा पडेल, हे आईवडिलांना आधी न सांगणे. पहिल्याच वर्षी मी पुढच्या दातांना असे न सांगता औषध लावले आणि त्या आईचा विश्वास परत मिळवायला मला अनेक महिने लागले. म्हणून छायाचित्र दाखवा आणि लेखी संमती घ्या.

दात रात्री आपोआप ठणकत असेल किंवा हिरडीवर पुटकुळी असेल, तर हा उपाय नव्हे. मुलाला बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात पाठवा. इतरांना सहा महिन्यांनी तपासून पुन्हा औषध लावा. हॉल पद्धतीचे, म्हणजे दात न कोरता त्यावर टोपीसारखे बसवायचे, स्टीलचे क्राउन हात बसल्यावर शिकता येतील. झोपताना गोड दुधाची बाटली बंद झाली का, हे मात्र प्रत्येक भेटीत विचारा.