भिंत दोघांनाही, मग बुरशी झाड का नाही?

प्रश्न : सर, मुलगी नववीला आहे, ती म्हणते बुरशी ही वनस्पती नाहीच. पण पेशीला भिंत तर दोघांनाही असते ना, मग फरक काय? दुसरं म्हणजे आमच्या अद्रकीला कंदकूज लागलीय, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची दोनदा आळवणी केली, काहीच फरक नाही.
— एक शेतकरी, ता. कन्नड

उत्तर : पोरगी बरोबर बोलतीय भाऊ. भिंत दोघांनाही आहे पण माल वेगळा, एक घर दगडाचं नि दुसरं पत्र्याचं असावं तसं. झाडाच्या भिंतीत सेल्युलोज असतं म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या, सोबत पेशींना एकमेकींशी चिकटवणारं पेक्टिन, आणि लाकूड झालं की त्याला कडक करणारं लिग्निन. बुरशीकडं मात्र कायटिन आणि ग्लुकन (ही पण ग्लुकोजचीच साखळी, फक्त जोडणी वेगळी). कायटिन पण साखरेचीच साखळी, फक्त तिच्या कडी-कडीला नायट्रोजनवाला तुकडा लटकलेला, आणि हेच कायटिन खेकड्याच्या कवचात नि झुरळाच्या अंगावर सुद्धा असतं. गंमत म्हणजे ते आधी सापडलं मशरूममध्येच (मशरूम पण बुरशीच), १८११ साली, ब्राकोनो नावाच्या फ्रेंच माणसाला.

खात्री करायची तर घरीच करा. एका पातेल्यात दोडक्याच्या फोडी, दुसऱ्यात मशरूम (बाजारातलं हां, बांधावरच्या कुत्र्याच्या छत्र्या नका उचलू). शिजवलं की दोडक्याचा थोड्या वेळात लगदा होतो कारण उष्णतेनं पेक्टिन विरघळतं नि पेशी एकमेकींना सोडतात. मशरूम पाणी सोडून आकसतं पण तासभर शिजवा, दाताखाली चिवट लागतंच, कायटिनला आपल्या गॅसचं काही वाटत नाही.

आता अद्रक. कंदकूज करणारा पिथियम दिसतो बुरशीसारखा, सगळे बुरशीच म्हणतात, पण त्याच्या भिंतीत सेल्युलोज असतं, म्हणजे खरी बुरशी नाहीच तो, आणि कार्बेन्डाझिम त्याला लागू पडत नाही, त्याला मेटालॅक्झिलसारखं औषध लागतं. पण थांबा, लगेच दुकानात पळू नका, कंदकूज फ्युजेरियम या खऱ्या बुरशीनं पण होते आणि जिवाणूनं पण, नुसतं बघून सांगता येत नाही. दोन-चार सडके कंद मातीसकट पिशवीत घाला, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, मगच औषध आणा. तोवर वाफ्यातलं पाणी तेवढं काढून द्या, कारण साचलेल्या पाण्यात पिथियमचे बीजाणू चक्क पोहत शेजारच्या कंदाकडं जातात.