चाकू तीन इंची, प्रश्न तारखेचा

एका वाचकाचं पत्र आलंय: हरिहर गड उतरून परतताना नाशिक शहरात नाकाबंदीला बॅग तपासली, बाजूच्या कप्प्यात तीन इंची पात्याचा घडीचा चाकू निघाला. शस्त्र कायद्याचं ४/२५ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं ३७(१)/१३५ अशी कलमं लागली. नोटीस देऊन सोडलं, पुढे आरोपपत्र गेलं. आता घरचे म्हणतात, ‘कबुली दे, दंड भर, मोकळा हो.’ या वाचकासारखी पत्रं मला सतत येतात, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी देतोय.

कबुली देऊ नका. आधी ३७(१) खालच्या, म्हणजे चाकू-काठी बाळगायला बंदी घालणाऱ्या मनाई आदेशाची प्रत मिळवा.

४/२५ ची मला तेवढी धास्ती वाटत नाही. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत मोजमाप दिलंय ते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं, आणि कलम ४ लागू होतं तेही केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढलेल्या क्षेत्रातच. तुमच्या प्रकरणात कोणती अधिसूचना दाखवलीय, हे आरोपपत्र पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पंचनाम्यात ‘एकूण लांबी १८ सेंमी’ असं आहे म्हणता. म्हणजे मूठ धरून मोजलंय. साडेसात सेंटिमीटरचं पातं कागदावर अठराचं झालं आणि तुम्ही न वाचता खाली सही केलीत! १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५). ते मागून घ्या.

३७(१) चं तसं नाही. तिथे इंच-सेंटिमीटर नाहीतच. ‘चाकू’ आहे, काठीसुद्धा आहे. चाकू विकताना दुकानदाराने तुम्हाला सांगितलेला ‘सहा इंचांच्या आत चालतं’ हा नियम या दोन्ही कायद्यांत नाही. मात्र हे कलम आपोआप लागत नाही. पोलीस आयुक्तांनी, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांनी, ठरावीक ठिकाणासाठी आणि ठरावीक काळासाठी आदेश काढलेला हवा, आणि तो जाहीरपणे प्रसिद्ध झालेला हवा. सगळा खटला या ‘प्रसिद्ध’ शब्दावर उभा आहे. सणासुदीत हे आदेश बहुधा पंधरवड्याचे निघतात, एक संपला की दुसरा. मधे एखादा दिवस मोकळा राहिला असेल आणि तुमची नाकाबंदी नेमकी त्या दिवशीची असेल, तर गुन्हाच उरत नाही. फिर्यादीत ‘मनाई आदेश लागू असताना’ एवढंच वाक्य असेल आणि प्रत जोडलेली नसेल, तर आदेश होता आणि प्रसिद्ध झाला होता हे सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. ती तुमच्या कबुलीने त्यांच्या डोक्यावरून उतरते.

आणि दंडावर भागेलच असं कोणी सांगितलं? कलम १३५ खाली चार महिन्यांपेक्षा कमी शिक्षा द्यायची तर न्यायाधीशांना कारणं लिहून द्यावी लागतात. बहुतेक वेळा ते देतातही. पण उद्या सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात ‘दोषसिद्धी झाली आहे काय’ या रकान्यात ‘होय’ लिहावं लागेल, ते कोण पुसणार? एवढ्याशा चाकूच्या खटल्यात साक्ष सुरू व्हायला वर्षं लागतात, याची चीड मलाही येते. कंटाळून कबुली देणारी कितीतरी पोरं मी पाहिली आहेत.

तुम्ही दोन तारखा चुकवल्यात, वॉरंट निघालं असेल. येत्या तारखेची वाट पाहू नका, उद्याच वकिलाबरोबर जाऊन ते रद्द करून घ्या. सोबत चाकूखरेदीचं बिल आणि त्या दिवशीच्या ट्रेकची नोंदणी ठेवा. कबुलीचा छापील अर्ज कोणी पुढे केला, तर या वेळी तरी वाचा, आणि सही करू नका.