सासवडला आधी कोण होतं?

ओवी,

काल भाऊआजोबांशी व्हिडिओ कॉल झाल्यावर तू विचारलंस, "आई, इथे टोरांटोत शाळेत रोज सांगतात ही जमीन आधी कोणाची होती, मग सासवडला आधी कोण होतं? आणि पुण्यात सगळे 'मूळ गाव कुठलं' विचारतात ते जात कळावी म्हणूनच ना?" मला एकदम लागलं गं ते. काही बोलले नाही, म्हणून आता लिहितेय.

सुट्टी लागली की आम्ही स्वारगेटहून लाल डब्याने निघायचो, दिवेघाट चढून झाला की मंदाआत्या म्हणायची, आलं बरं का गाव. उन्हाळ्यात कऱ्हा कोरडी ठाक, पणजी संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बसून सांगायची, सहा वाड्या मिळून सासवड झालं, घरं वसली ती पांढरी आणि शेतं ती काळी. एकदा तिने पडक्या भिंतीजवळची माती माझ्या हातावर ठेवली, राखेसारखी भुरभुरीत, म्हणाली यात किती जणांच्या भिंती नि चुली विरघळल्यात बघ. ज्ञानेश्वरांचे भाऊ संत सोपानकाकांनी तिथे समाधी घेतली १२९६ साली, म्हणजे त्या काठाला माणसं कधीपासून आहेत विचार कर!

आधी येऊन जमीन धरली ते मिरासदार, त्यांचा हक्क पिढीजात. मागून आले ते उपरी, दुसऱ्याची जमीन ठरावाने कसणारे. आपले लोक उपरीच, असं भाऊआजोबा म्हणतात, पणजीला ते अजिबात आवडायचं नाही.

पण तिने एक कधीच सांगितलं नाही. आपल्याकडे गावोगाव महारवाडा पांढरीच्या बाहेर असायचा, आणि दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की हद्द दाखवायला महारांनाच बोलवायचे, कारण कुठला दगड कुठे पुरलाय ते त्यांनाच ठाऊक. मग आधीचं कोण? हे मी खूप उशिरा वाचलं, आणि पणजी होती तेव्हा मला विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

तर हो, 'मूळ गाव कुठलं' मागे पुष्कळदा तेच असतं, तुझं चूक नाही. तरी परवा बसमध्ये कोणीतरी मराठी बोलताना ऐकलं आणि माझ्या तोंडून पहिलं तेच आलं, गाव कुठलं हो? तेव्हा मला जात नको होती, खरंच, कोणीतरी दिवेघाट बघितलेलं माणूस हवं होतं.

डिसेंबरात पुण्याला जाऊ तेव्हा सासवडला यायलाच हवंस असं नाही. आलीस तर भाऊआजोबांना हाच प्रश्न विचार, पायऱ्यांवर बसून. मी शेजारी बसेन.

आई