अख्खं वाक्य सांग

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. वादळ येणार म्हणून निरोप टाकलास, ते आलं नाही, गाव हसतंय, तर गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडू का, असं विचारतेस. सोडायचा नाही. तो विषय इथंच संपला, आता मुद्द्याचं बोलू.

'वादळीण' म्हणतात म्हणे तुला. कोजागिरीला कुणीतरी गच्चीवरचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'वादळाची वाट बघून बघून दूध आटलं', आणि अख्खं गाव हसलं. विनोद चांगला होता, मीही हसलो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात घरं सोडून गेलेली ही माणसं आहेत, चार थेंब पडून गेलेल्या वादळावर ती हसणारच. मला काळजी वेगळी आहे. पुढच्या जुलैत तू पाण्याचा निरोप टाकशील, तेव्हा यातले किती जण जागचे उठतील?

तू लिहिलं होतंस, 'शक्ती चक्रीवादळ, कोल्हापूरला धोका, सोयाबीन लगेच काढा.' हवामान खात्याची पत्रकं मीही रोज वाचत होतो. वादळाचं अंतर त्यात कुठून मोजलं होतं, आठव. गुजरातमधली द्वारका, नलिया, पोरबंदर. पलीकडं ओमानचं मसीरा. आपलं नाव होतं का कुठं? ३ ऑक्टोबरला ते समुद्रात तयार झालं, तीव्र झालं, पश्चिमेला गेलं, तिकडंच वळलं आणि पाण्यातच विरलं. पावसाळा संपल्यावर अरबी समुद्रात उठणारी बरीच वादळं ओमान-येमेनचीच वाट धरतात. २०१९ च्या दिवाळीतलं 'क्यार' तर याच्याहून कितीतरी दांडगं. रत्नागिरीसमोरच्या समुद्रात वाढलं आणि तेही पश्चिमेलाच गेलं. आपण किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, मध्ये सह्याद्री उभा. आपल्याकडं वादळ येतं ते बहुतेक पाऊस होऊन, आणि तोही आधी गगनबावडा-राधानगरीच्या अंगाला. म्हणून तर घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हला. तू तिन्ही रंग एकात कालवलेस.

अख्खं वाक्य सांगायचं. कुठं, कधी, किती, आणि नाही आलं तर काय. शेवटचा तुकडा सगळे गाळतात, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा.

'थोडं वाढवून सांगितल्याशिवाय लोक हलत नाहीत,' असं लिहिलंयस. हे वाक्य मी आमच्या पाटबंधारे खात्यात साहेबांच्या तोंडून ऐकलंय, पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, आता तुझ्याकडून ऐकायची इच्छा नाही. वाढवून सांगितलं की लोक हलतात, पण एकदाच. तुझ्या वरच्या आळीच्या काकांनी त्या रात्री जादा पैसे मोजून मळणी मशीन आणलं. दाणा ओला. १२ टक्क्यांवर ओलावा गेला की व्यापारी भावात कट लावतो, हे तुला मी सांगायला नको, तू शेतकी शिकलीस. घाटमाथ्याला पावसाची शक्यता, आपल्या भागात हलक्या सरी, वाळलेलं असेल तर झाका, उभं असेल तर दोन दिवस थांबा, एवढं लिहायला काय लागत होतं? चार ओळी! पण चार ओळींना कुणी लाइकचा अंगठा देत नाही, हो ना?

तरी वादळ हुकलं म्हणणाऱ्यांनाही तू गप्प बसून ऐकू नकोस. वादळ लांबून गेलं तरी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या होड्या बंदराला बांधल्या की आपल्याकडं सुरमई दिसेनाशी होते आणि बांगडा भाव खातो. आणि आमच्या खात्यातलं विचारशील तर ऑक्टोबरइतका वाईट महिना नाही. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे दिवस. लवकर घातले आणि वरून पावसाचा लोंढा आला तर बरगे तुंबतात, पाणी काठ फोडून बाजूच्या रानात घुसतं. वादळाची वाट बघत थांबलं तर नदीचं पाणी डोळ्यांदेखत खाली निघून जातं, आणि उन्हाळ्यात उसाला पाणी कमी पडलं की शेतकरी तुमचं नाव घेतो. दोन्हीकडून शिव्या ठरलेल्या. ज्या वर्षी वादळ येत नाही त्या वर्षी जास्तच.

मी नोकरीभर नदीतली पाणी मोजायची पट्टी वाचली. रात्री बॅटरी मारून पाण्याची पातळी बघायची. लाट वर आली तो आकडा लिहायचा नाही, खाली बसली तोही नाही. थांबायचं, दोन्हींच्या मधलं पाणी ओळखायचं आणि ते लिहायचं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका. शाळेतलं पोरगंही सांगेल. पण '३९ ओलांडलं' एवढंच ऐकून माणूस काय करणार? राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेत का, वर पाऊस थांबलाय का, पाणी तासाला किती चढतंय, हे सगळं जोडून सांगितलं तर त्याला ठरवता येतं. ठरवायचं त्यानं. आपण सांगायचं अख्खं.

तू म्हणशील, काका, तुमचा सख्खा भाऊ तुमच्याशी बोलत नाही, आणि तुम्ही मला शिकवताय. बोलत नाही, खरंय. एका जुलैत पाणी चाळिशीच्या आसपास होतं. मी त्याला सांगितलं, पाणी चढतंय, धोक्याला जाईल की नाही ते पहाटेपर्यंत कळेल, पण म्हशी अंधारात निघणार नाहीत, तेव्हा आत्ता काढ. त्यानं काढल्या. टेम्पोत चढवताना गाभण म्हैस घसरली आणि पुढं गाभडली. पाणी तिथंच थांबलं आणि उतरलं. पुतणीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही. त्याचं दुःख मला आहे, रोज आहे. पण मी काय बोललो होतो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. 'धोक्याला जाईल की नाही' हे मी बोललो होतो. त्याला फक्त 'काढ' ऐकू आलं. आज तसंच पाणी चढलं तर आजही मी तेच, तितकंच सांगेन. वहिनी म्हणतात, एकदा माफी मागा, मिटवून टाका. म्हशीचं जे झालं त्याबद्दल कितीही वेळा मागेन. सांगितलं याबद्दल नाही.

असो. तुझं चाललं होतं, माझं सुरू झालं.

तू आज संध्याकाळी वरच्या आळीच्या काकांकडं जा. मेसेज नको, जा. सोयाबीनला कट किती लागला ते विचार, ते ओरडतील, ऐकून घे. मग ग्रुपवर लिही: पत्रकात काय होतं, मी काय लिहिलं, कुठला भाग गाळला. रडगाणं नको, सबबी तर मुळीच नकोत. कुणी 'वादळीण' म्हटलं तर म्हणू दे, नाव पडलंय ते आता जाणार नाही. आमच्याकडं एकाला अजून 'पूररेषा' म्हणतात, आणि तो कोण ते तुला ठाऊक आहे.

परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नाही आणि बंगालच्या उपसागरात नोव्हेंबरातही काहीतरी शिजत असतं. पुढचा निरोप टाकायच्या आधी मला पाठव. रात्रीचे दोन वाजले तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
काका